पंचेचाळिशीनंतर योग : स्वतःच्या सरावापासून वर्ग घेण्यापर्यंतचा क्रम

चाळिशी-पन्नाशीत योगाकडे वळलेली माणसं बहुतेक वेळा क्रमात चुकतात. पाठ दुखते किंवा साखर वाढली म्हणून सुरुवात होते. दोन-तीन महिन्यांत बरं वाटू लागतं, हुरूप येतो. मग पंधरा दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र हातात घेऊन लगेच गल्लीतल्या माणसांना आसनं शिकवायला सुरुवात होते. कुणाचा गुडघा सुजतो, कुणाला घेरी येते, आणि तिसऱ्या महिन्यात वर्ग ओस पडतो.

खाली दिलेला क्रम जालना, परभणी, धाराशिवसारख्या शहरात किंवा तालुक्याच्या गावी राहून, नोकरी-शेती सांभाळून पाळता येतो. सगळं मिळून दोन ते अडीच वर्षं धरा. घाई करून यातला कुठलाही टप्पा वाचत नाही. उलट तो पुढे दुखणं होऊन परत येतो.

टप्पा १ : आधी तपासणी, मग सतरंजी

सराव सुरू करण्याआधी एक वही करा आणि पहिल्या पानावर या गोष्टी लिहा : बसून घेतलेला आणि उभं राहिल्यावर घेतलेला रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, हिमोग्लोबिन, सुरू असलेल्या गोळ्या आणि आजवरच्या शस्त्रक्रिया. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून काचबिंदूची तपासणी करून घ्या. हे बहुतेक जण विसरतात.

डॉक्टरांना फक्त “योग करू का?” असं विचारलं तर उत्तर “करा की” असंच येणार. नेमकं विचारा : डोकं खाली गेलेलं चालेल का? पुढे वाकलेलं चालेल का? माझ्या गोळ्यांमुळे एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते का?

कुठल्या तक्रारीत काय टाळायचं, हे पाठच करा. पुढे शिकवताना याचीच रोज गरज पडते.

रक्तदाब जास्त असेल तर शीर्षासन, सर्वांगासन, श्वास कोंडणं, भस्त्रिका (भात्यासारखे जोराचे श्वास) आणि वेगाची कपालभाती (पोट आत ओढत श्वास झटक्याने सोडणं) नको. पादहस्तासनाऐवजी (उभ्याने वाकून हात पायांशी नेणं) भिंतीला दोन्ही तळवे टेकवून कमरेतून अर्धंच वाका.

काचबिंदू असेल तर डोकं हृदयाच्या खाली जाईल असं काहीही नको, अगदी साधं पादहस्तासनसुद्धा. अशा स्थितीत डोळ्यातला दाब वाढतो.

मणक्याची गादी सरकली असेल किंवा सायटिका असेल तर पुढे वाकण्याची आसनं बंद. कुठल्याही आसनात कळ कमरेतून मांडीत, पोटरीत उतरायला लागली की तिथेच सोडायचं.

हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून खोल वाकणं आणि जोराने पीळ देणं टाळा. मणका दबून मोडू शकतो, आणि कधीकधी तो मोडल्याचं लवकर कळतही नाही.

हर्निया असेल तर कपालभाती, नौकासन आणि पालथं झोपून दोन्ही पाय एकदम उचलायचं शलभासन नको.

मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर उपाशीपोटी सराव करण्याआधी डॉक्टरांशी बोला. ग्लुकोज किंवा खडीसाखर हाताशी ठेवा. तळपाय बधिर असतील तर एका पायावरची आसनं भिंतीलगतच करा आणि सरावानंतर तळवे पाहा. झालेली जखम कळतच नाही.

मराठवाड्यात आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा लागतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्या गेल्याची चर्चा २०१९ साली राज्यभर झाली. अशा बायका तुमच्या वर्गात येणारच. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं असेल तर पाळी जाण्याचा काळ लवकर ओढवतो आणि हाडं लवकर झिजतात. पस्तिशीची बाई दिसली तरी हाडांच्या बाबतीत तिला पन्नाशीचीच धरून चालायचं. ती हे आपणहून सांगत नाही, चार बायकांदेखत तर नाहीच. विचारायचं ते एकटीला, बाईनेच, आणि हलक्या आवाजात.

थांबा : योग सुरू केला म्हणून रक्तदाबाची किंवा साखरेची एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, कमीही करायची नाही. बरं वाटणं आणि तपासणीतला आकडा उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टप्पा २ : पहिले तीन महिने, आठ आसनं

आपल्या भागात दोन तऱ्हेची शरीरं भेटतात. खुरपणी-कापणीत राबलेली बाई तास-तास उकिडवी बसते. तिचे खुबे मोकळे असतात, पण कंबर कायम ओढलेली आणि खांदे पुढे आलेले असतात. बँकेत, शाळेत, दुकानात बसून काम करणाऱ्याचे खुबे आखडलेले असतात, गुडघे कुरकुरतात आणि भिंतीला टेकल्याशिवाय त्याला मांडी घालून बसवत नाही. पहिल्या शरीराला पुढे वाकवण्यापेक्षा छाती उघडणं आणि पाठीला बळ देणं जास्त गरजेचं आहे. दुसऱ्याला आधी जमिनीवर उठबस जमली पाहिजे. एकच यादी दोघांना सारखी लागू होत नाही. स्वतःचं शरीर यातलं कुठलं ते ओळखा.

सुरुवातीला एवढंच पुरे :

१. मान, खांदे, कंबर, घोटे यांच्या हालचाली, ८ मिनिटं. मान गोल फिरवायची नाही. पुढे-मागे, डावी-उजवीकडे एवढंच.

२. उभ्याने ताडासन आणि वृक्षासन. वृक्षासनात पाऊल पोटरीवर किंवा मांडीवर टेकवा, गुडघ्यावर कधीच नाही. भिंत एका हाताच्या अंतरावर असू द्या.

३. चार पायांवर मार्जारासन (पाठ आळीपाळीने वर-खाली करणं), मग बसून वक्रासन (कमरेतून पीळ). मांडी घालून बसताना माकडहाडाखाली घडी घातलेली चादर घ्या. गुडघे खुब्यांच्या खाली आले म्हणजे उंची बरोबर.

४. पालथं झोपून मकरासन (पालथ्यानेच विश्रांती), मग भुजंगासन (छाती वर उचलणं). भुजंगासनात बेंबी जमिनीलाच राहील आणि कोपरं वाकलेली राहतील. हात ताठ करून उंच उठण्याच्या हट्टापायी कंबर चेपली जाते.

५. उताणं झोपून सेतुबंधासन (कंबर वर उचलणं) आणि एका-एका पायाचं पवनमुक्तासन (गुडघा पोटाशी घेणं). डोकं उचलायचं नाही.

६. शवासन, किमान ७ मिनिटं. कंबर जमिनीपासून उचललेली राहत असेल तर गुडघ्यांखाली उशी.

७. शेवटी बसून नाडीशोधन (एका नाकपुडीने श्वास घेऊन दुसरीने सोडणं) ५ आवर्तनं आणि भ्रामरी (भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं) ५. श्वास आत घेताना ४ अंक, सोडताना ६. मध्ये कोंडणं नाही.

उभं, बसून, पालथं, उताणं हा क्रम मोडू नका. दर आसनाला उठ-झोप केली की रक्तदाब वरखाली होतो आणि या वयात घेरी येते. आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या ४५ मिनिटांच्या सामायिक योगाभ्यासक्रमातही हाच क्रम आहे.

प्रत्येक आसनात पहिल्या महिन्यात ३ संथ श्वास, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात ७ ते ८. घड्याळ नको, श्वास मोजा. श्वास तुटायला लागला की आसन सोडायची वेळ झाली.

जेवणानंतर ३ तास आणि चहानंतर निदान अर्धा तास जाऊ द्या. रात्री उशिरा जेवून पहाटे सराव केला तर पालथ्या आसनांत आंबट ढेकर येतात. दोष आसनाचा नाही, जेवणाच्या वेळेचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेसहाच्या आत संपवा. पत्र्याखाली किंवा गच्चीवर संध्याकाळी करू नका, स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो.

नेहमीच्या चुका : पहिल्याच आठवड्यात १२ सूर्यनमस्कार घालणं. मनगटं, खांदे आणि कंबर तिन्ही एकदम धरतात. सूर्यनमस्कार चौथ्या महिन्यात घ्या, खुर्चीच्या बैठकीवर हात टेकवून, २ पासून. दुसरी चूक म्हणजे गुडघा दुखत असताना “जेवल्यावर वज्रासन चांगलं” म्हणून तसंच बसून राहणं. मांडी आणि पोटरीच्या मध्ये जाड उशी, घोट्यांखाली गुंडाळलेला टॉवेल, तरीही दुखलं तर वज्रासन नाहीच. तिसरी, कपालभातीचे शेकडो झटके. सुरुवातीला २० झटके, मध्ये विश्रांती, पुन्हा २०, तेही टप्पा १ मधली कुठलीच तक्रार नसेल तर.

तपासा : तीन महिन्यांनी हात न टेकता, किंवा एकच हात टेकून, जमिनीवरून उठता येतं का? भिंतीजवळ एका पायावर १० अंक उभं राहता येतं का? नसेल तर याच आठ आसनांवर आणखी दोन महिने थांबा.

टप्पा ३ : एक पूर्ण वर्ष आणि वही

आसनांची संख्या वाढवण्यापेक्षा सगळे ऋतू पाहणं महत्त्वाचं. परभणीच्या थंडीत पहाटे जे स्नायू आखडतात ते मे महिन्यात सैल असतात. पावसाळी हवेत सांधे वेगळेच वागतात. एकाच ऋतूत शिकलेला माणूस दुसऱ्या ऋतूत इतरांना चुकीचं सांगतो.

वहीत रोज पाच रकाने भरा : झोप किती, काय केलं, कुठे ओढ बसली, श्वास कुठे अडला, दुसऱ्या दिवशी कसं वाटलं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. स्नायूची ओढ पसरट असते, सोडल्यावर जाते, दुसऱ्या दिवशी थोडी आठवते. सांध्याचं दुखणं एका बिंदूत टोचतं, सोडल्यावरही राहतं, जिना उतरताना जाणवतं. पहिल्यात थोडं कमी करून चालू ठेवा, दुसऱ्यात थांबा. हा फरक स्वतःच्या अंगावर ओळखता आला नाही तर समोरच्याच्या चेहऱ्यावरही ओळखता येणार नाही. मधल्या वयात शिकवायला लागणाऱ्याची खरी पुंजी हीच आहे. विशीतल्या लवचिक शिक्षकाला गुडघ्याची कुरकुर पुस्तकातून कळते, तुम्हाला ती आतून ठाऊक असते.

वर्षाच्या मध्यापासून भर घाला : त्रिकोणासन, अर्धचक्रासन, भद्रासन, उष्ट्रासनाआधी अर्धउष्ट्रासन, शलभासन एका पायाने, उत्तानपादासन. महिन्याला दोनच. सोबत पतंजलींची योगसूत्रं आणि हठयोगाचा जुना ग्रंथ हठप्रदीपिका मराठी टीकेसह वाचायला घ्या. पुढे परीक्षेत लागतातच, पण “स्थिरसुखमासनम्” (आसन स्थिर आणि सुखाचं असावं) हे सूत्र आधी सतरंजीवर उतरलं पाहिजे. आसन स्थिर आहे पण सुख नाही, म्हणजे ते अजून तुमचं झालेलं नाही.

तपासा : टेकल्याशिवाय २० मिनिटं ताठ बसता येतं, ४ अंकांत श्वास घेऊन ८ अंकांत सोडत ५ मिनिटं न दमता जातात, आणि वर्षभरात आजारपण सोडून सलग आठवडाभर खंड पडलेला नाही. तिन्ही जमलं की पुढचा टप्पा.

टप्पा ४ : प्रशिक्षण निवडणं

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची योग शिक्षक पदविका नोकरदारांना आणि गृहिणींना सोयीची पडते. अभ्यास मराठीत, संपर्कसत्रं अभ्यासकेंद्रावर, आणि विद्यापीठाची विभागीय केंद्रं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत. महिना-दीड महिना घर सोडता येत असेल तर लोणावळ्याच्या कैवल्यधामचे निवासी अभ्यासक्रम आहेत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेली ही संस्था शरीरशास्त्राच्या बाजूने पक्की आहे. रामटेकच्या कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठातही योगाचे अभ्यासक्रम चालतात.

केंद्रीय आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षेला पायऱ्या आहेत : योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, मग योग वेलनेस इन्स्ट्रक्टर, त्यानंतर योग टीचर अँड इव्हॅल्युएटर, आणि सगळ्यात वर योग मास्टर. पहिल्या पायरीला साधारण २०० तासांचा अभ्यास धरलेला असतो. गावात सकाळचा वर्ग घ्यायला ती पुरते, आजारी माणसांना उपचार म्हणून शिकवायचं असेल तर मंडळाच्या योगोपचाराच्या वेगळ्या परीक्षा आहेत. शुल्क, पात्रता आणि परीक्षाकेंद्र मंडळाच्या संकेतस्थळावरच पाहा. “आम्ही पास करून देतो” म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नका.

प्रवेशाआधी तीन प्रश्न विचारा. दुसऱ्यांना प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती? ज्येष्ठांसाठी आसनांत काय बदल करायचे हे शिकवतात का? शरीररचना कोण शिकवतं? पहिल्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर तिथे आसनं शिकायला मिळतील, शिकवायला नाही.

टप्पा ५ : शिकवायला शिकणं

नवशिक्या शिक्षकाची सगळ्यात मोठी चूक इथे होते. तो समोर सतरंजी टाकून स्वतःच आसनं करत राहतो. माणसं त्याच्याकडे बघतात, तो छताकडे किंवा जमिनीकडे बघतो, आणि मागच्या ओळीतल्या मावशी श्वास रोखून लाल झालेल्या असतात हे त्याला दिसतच नाही. आसन एकदा करून दाखवायचं, दुसऱ्यांदा उभं राहून नुसतं सांगायचं, तिसऱ्यांदा फिरून बघायचं. तासातला जेमतेम चौथा हिस्सा तुम्ही सतरंजीवर असलात तर पुरे.

सूचनेलाही क्रम असतो : शरीराची जागा, मग श्वास, मग हालचाल, मग थांबणं, मग परत येणं. उदाहरणार्थ : “पाय जुळवा. श्वास घेत दोन्ही हात बाजूने वर न्या. टाचा उचला. नजर समोर. श्वास चालू ठेवा, एक… दोन… तीन. श्वास सोडत टाचा टेकवा, हात खाली.” एका वाक्यात एकच काम. परत येण्याची सूचना विसरली की माणसं धपकन आसन सोडतात, आणि दुखापत आसन सोडतानाही होते.

काय करू नका यापेक्षा काय करा ते सांगा. “कंबर वाकवू नका” ऐकून माणूस बावरतो. “बरगड्या वर उचला” म्हटलं की पाठ आपोआप सरळ होते. शब्द घरचे वापरा : खुबा, पोटरी, टाच, माकडहाड, खांद्याची पाळ. पेल्व्हिस आणि कोअर प्रशिक्षणाच्या वहीत राहू द्या.

समोरासमोर उभं असताना आरशासारखं करा : तोंडाने “उजवा हात” म्हणायचं आणि स्वतःचा डावा उचलायचा. घरच्या दोघांना समोर बसवून महिनाभर याचा सराव करा, नाहीतर पहिल्याच दिवशी अर्धा वर्ग उलट्या बाजूला वळेल.

हात लावून आसन सुधारण्याचा मोह टाळा. विचारल्याशिवाय स्पर्श नाही, आणि पुरुष शिक्षकाने बायकांच्या वर्गात शब्द, भिंत आणि खुर्ची यांवरच भागवावं. दाबून आसन पूर्ण करून घेणं तर कुणालाच नाही. या वयातला स्नायू दाबाने सैल होत नाही, फाटतो.

स्वतंत्र वर्ग सुरू करण्याआधी अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली तीन महिने मदतनीस व्हा. मागे उभं राहायचं, चेहरे बघायचे, तासानंतर पाच गोष्टी वहीत लिहायच्या. चेहऱ्यावर आठी, दात आवळलेले, ओठ मिटून श्वास रोखलेला, पायाचा थरथराट, एकदम फिकट पडलेला चेहरा. ही पाचही लक्षणं लांबून ओळखता येईपर्यंत स्वतःचा वर्ग नको.

टप्पा ६ : पहिला वर्ग

जागा : एका माणसाला साधारण ७ फूट लांब आणि ४ फूट रुंद जागा लागते. २० बाय ३० फुटांच्या समाजमंदिरात फिरायला वाट सोडून १५-१६ माणसं बसतात. त्याहून जास्त कोंबू नका, आणि पहिल्या तुकडीला तर ८ ते १० पुरेत. फरशी गुळगुळीत असेल तर नुसती सतरंजी सरकते. तिच्याखाली रबरी चटई घ्या किंवा उभी आसनं अनवाणी फरशीवरच करा. चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणून ठेवा, हात नसलेल्या, न डगमगणाऱ्या. शाळा किंवा ग्रामपंचायतीची जागा असेल तर परवानगी लेखी घ्या. पदाधिकारी बदलले की तोंडी शब्द टिकत नाही.

वेळ ठरवताना गावचं रोजचं जगणं बघा. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे पाण्याच्या सकाळी बायका येणार नाहीत. त्या दिवशी संध्याकाळचा तास ठेवा. खेड्यात जूनमधली पेरणी आणि ऑक्टोबरमधली सोयाबीनची काढणी टाळून नवी तुकडी सुरू करा. डिसेंबर-जानेवारी त्यातल्या त्यात बरा. एकादशीला आणि श्रावणी सोमवारी उपाशी माणसं गोळ्या घेऊन येतात. त्या दिवशी कपालभाती वगळा आणि शवासन वाढवा. आषाढी वारीहून परतलेल्यांना आठवडाभर उभी आसनं कमी द्या.

पहिल्या दिवशी आसन एकही नाही. एका पानाचा माहितीअर्ज भरून घ्या : वय, आजार, गोळ्या, शस्त्रक्रिया, घरच्यांचा फोन. लिहिता येत नसेल त्यांचं तुम्ही विचारून, बाजूला नेऊन भरा.

६० मिनिटांची विभागणी : विचारपूस ५, हालचाली १०, आसनं २५, शवासन ८, प्राणायाम १०, शांत बसणं २. आसनांना उशीर झाला म्हणून शवासन कापायचं नाही, आसन कापायचं.

थांबा : छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, बोबडी वळणं, तोंड वाकडं होणं यातलं काहीही दिसलं की वर्ग बंद आणि १०८ ला फोन. नुसती घेरी असेल तर उताणं झोपवून पाय खुर्चीवर. मधुमेही थरथरत, घामाघूम होत असेल आणि शुद्धीवर असेल तर साखर तोंडात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही.

टप्पा ७ : वर्ग टिकवणं

पैसे पहिल्या महिन्यापासून घ्या, थोडे का होईना. फुकट वर्गाला माणसं पावसाळ्यात येत नाहीत. ज्याला खरोखर झेपत नाही त्याचं माफ करा, पण ते तुमच्या दोघांतच राहू द्या. हजेरी आणि पैशांची वही वेगवेगळी ठेवा.

“साखर बरी करतो”, “गुडघ्याचं ऑपरेशन टाळतो” असं फलकावर लिहू नका, तोंडानेही बोलू नका. कुणी तीन दिवस आलं नाही तर फोन करून कारण विचारा. बहुतेक वेळा कुठेतरी दुखलेलं असतं आणि सांगायला संकोच वाटलेला असतो. त्याच आठवड्यात त्या आसनाची सूचना बदला.

वर्ग सुरू झाला की स्वतःचा सराव आधी सुटतो. शिकवताना केलेली आसनं सराव धरायची नाहीत. तिथे लक्ष दुसऱ्याकडे असतं आणि करून दाखवायच्या भरात एकच बाजू पुन्हा पुन्हा ताणली जाते. वर्गाआधी ३० मिनिटं स्वतःसाठी ठेवा, आणि आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या कुणाच्या वर्गात मागच्या ओळीत जाऊन बसा.